गेटवरची लाल फुली

माणसाचा मोठा रंगीत फोटो कंपनीच्या गेटवर लागायला आमच्या चाकण पट्ट्यात दोनच कारणं असतात. एक तर त्याला बक्षीस मिळालेलं असतं, नाहीतर तो गेलेला असतो. गुरुदत्त सबनीसांचा फोटो लागला तेव्हा त्यांना बक्षीस मिळालेलं नव्हतं, आणि ते पिंपळे गुरवच्या आपल्या घरात व्यवस्थित पोहे खात होते. फोटोत त्यांनी नाक वर करून कुणाकडे तरी तुच्छतेनं पाहिलं होतं, आणि त्या अख्ख्या चेहऱ्यावर जाडजूड लाल फुली मारलेली होती.

सबनीस तसे नाक वर करणाऱ्यांतले नव्हेत. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कंपनीत त्यांचं उभं आयुष्य क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये गेलं. कुठल्याही गाडीचं दार कुरकुरलं तर सबनीसांना झोपेत कळतं, असं लाईनवरची पोरं म्हणायची. त्यांच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, पण लाल टॅगचा गठ्ठा कायम असायचा. टॅग म्हणजे दोरा ओवलेला साधा पुठ्ठा. त्यावर दोष काय, सापडला कुठे आणि खाली सही. टॅग लागला की मटेरियलची माणसं ती वस्तू निमूट उचलणार, मागच्या जाळीच्या कोठडीत टाकणार आणि कुलूप लावणार. ज्यानं टॅग लावला त्याच्या सहीशिवाय ती वस्तू बाहेर येत नाही, मग मागायला साक्षात मालक का येईनात. एकदा मालक आलेही होते. सबनीसांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

असे हे सबनीस मार्चअखेर निवृत्त व्हायचे होते. लोकांत ते म्हणत, "सुटलो एकदाचा!" खरं सांगायचं तर त्यांना मार्चची भीती वाटत होती. सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसून कालच्या बातमीवर आजचं मत देणारी निवृत्त मंडळी ते रोज बसमधून पाहत, आणि त्या बाकावर एक जागा रिकामी आहे हेही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. घरी पद्माताईंनी माळ्यावरचा पसारा एप्रिलसाठी राखून ठेवला होता. सबनीसांना दोन वर्षांचं एक्स्टेन्शन हवं होतं. पैशासाठी नव्हे. सकाळी डबा घेऊन निघायला काहीतरी कारण हवं, म्हणून.

आणि हे एक्स्टेन्शन मिहिरच्या हातात होतं. मिहिर म्हणजे कंपनीचा नवा एचआर हेड. वय तिशीच्या थोडं पुढे, दाढी कोरलेली, खुर्ची काळ्या लेदरची. काम असलं की तो 'सबनीस काका' म्हणे, काम नसलं की 'मिस्टर सबनीस', आणि मेलमध्ये नुसतंच 'क्वालिटी'. जानेवारीत त्यानं बोलावलं तेव्हा 'काका' निघालं, म्हणजे काम होतं.

परदेशातल्या गाडीवाल्या ग्राहकानं नवी अट घातली होती. माल चांगला असून भागणार नाही. माल बनवणाऱ्या कारखान्यात कुणी कुणाचा अनादर करता कामा नये, आणि अनादर कशाला म्हणतात हे झाडून सगळ्या कामगारांना माहीत हवं. हेड ऑफिसनं त्यासाठी एक तक्ताच पाठवला होता. माणसानं माणसाशी वाईट वागण्याचे जेवढे म्हणून शब्द आणि वाक्प्रचार इंग्रजीत आहेत, ते सगळे त्यात ओळीनं मांडले होते.

"काका, ऑडिटर शॉपफ्लोअरवर कुणालाही थांबवून विचारणार," मिहिर मोबाईलवर अंगठा फिरवत म्हणाला. "हा तक्ता पोरांच्या डोक्यात गेला पाहिजे. एवढं जमवा, मग तुमच्या एक्स्टेन्शनचं मी वरती बोलतो."

सबनीस उभे होते. समोर दोन खुर्च्या होत्या, पण एकीवर मिहिरची बॅग होती आणि दुसरीवर त्याचं जाकीट. सबनीसांना त्याचं काही वाटलं नाही. ते तक्ता घेऊन बाहेर आले.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी तो चष्मा लावून वाचायला घेतला. इंग्रजांनी आपल्यावर उगाच राज्य केलं नाही, हे पहिल्याच पानावर पटलं. या विषयातला त्यांचा सराव दांडगा. कुणाला 'कोल्ड शोल्डर' म्हणजे थंड खांदा देतात, कुणाला 'ब्रश ऑफ' म्हणजे झटकून टाकतात, कुणाकडे नाकावरून खाली बघतात, तर कुणाच्या अंगावरून चक्क चालत जातात. सगळा मामला अंगमेहनतीचा. आपल्याकडे एवढे कष्ट नाहीत. नाक मुरडलं की झालं.

शेजारचा शेखर वाटी परत द्यायला आला होता, तो तिथेच बसला. शेखर हिंजवडीत आयटीत. त्याला कंपनीची गाडी न्यायला येते आणि तीतच त्याचं अर्धं आयुष्य जातं, त्यामुळे त्याचा जगाविषयीचा विचार पक्का झालेला.

"हे फार जुनं आहे, काका. आमच्याकडे असला अपमान कुणी करत नाही."

"मग कसा करतात?"

"'अ‍ॅज पर माय लास्ट मेल' एवढं लिहितात. माणूस दोन दिवस जेवत नाही. आणि 'विथ ड्यू रिस्पेक्ट' आलं की समजायचं, रिस्पेक्ट संपला."

सबनीसांनी हे समासात टिपून घेतलं. पद्माताई पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मानपानाची साडी नुसती बोटानं चाचपून बाजूला ठेवायची, याला काय शब्द दिलाय?"

सबनीसांनी तक्ता पुन्हा वरपासून खाली पाहिला. "नाही दिलेला."

"मग अपुरा आहे तुमचा तक्ता," पद्माताई म्हणाल्या. त्यांच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण ती साडी अजून बाजूलाच ठेवलेली होती.

आता, कामगारांना हे शिकवायचं कसं? दुसरा कुणी असता तर त्यानं भाषण ठोकलं असतं. सबनीसांना भाषणावर विश्वास नव्हता. कारखान्यात दोष शिकवायची एकच रीत असते. लाईनवर फळा लावायचा. त्यावर चांगली बिजागरी, तिच्यापुढे हिरवी खूण. शेजारी खराब बिजागरी, तिच्यावर लाल फुली. माणसाला वाचता येवो न येवो, बघून कळलं पाहिजे. बिजागरीला जो नियम तोच माणसाला. अनादराचे फोटो काढायचे, नंबर द्यायचे, फुल्या मारायच्या. हा विचार सुचला तेव्हा सबनीसांना इतका आनंद झाला की त्यांनी पोळी भाजीशिवाय खाल्ली.

पहिली अडचण मोजमापाची. प्रत्येक दोषाला हद्द लागते. एक ओरखडा चालतो, दोन चालत नाहीत. मग हाकेला किती वेळ ओ दिली नाही म्हणजे अनादर? 'अरे' म्हटलेलं चालेल का? हा प्रश्न त्यांनी लाईनवर रोहिदासला विचारला. रोहिदास जुना ऑपरेटर. कंपनी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्याच्या आज्याची. आता त्याच्या दोन चाळी आणि एक मंगल कार्यालय आहे, आणि तो कामाला पांढऱ्या मोठ्या गाडीतून येतो. घरी करमत नाही म्हणून येतो, असं तोच सांगायचा.

"'अरे' म्हनलं म्हून काय झालं?" रोहिदास म्हणाला. "आवो सायेब, आमी देवाला बी 'तू'च म्हनतो. देहूला जाऊन इठोबाला 'अहो' म्हनलं तर त्यो वळखायचा न्हाई आमाला."

'अरे' यादीतून वगळण्यात आलं.

दुसरी अडचण मोठी होती. अपमान करून घ्यायला हवे तेवढे लोक तयार होते, पण अपमान करायला कुणी पुढे येईना. लाल फुलीचं नाव काढलं की माणसं पाणी प्यायला जायची. रोहिदासनं तर हातच जोडले.

"माज्या पोराचं जमतंय, सायेब. पोरीकडची मान्सं ह्याच रस्त्यानं जात्यात. आन् जित्या मानसाच्या फोटूवर फुली मारत न्हाईत, राव. लई वंगाळ असतंय ते."

मिहिर म्हणाला, इंटरनेटवरून गोऱ्या लोकांचे फोटो घ्या. पण नमुना आपल्याच कारखान्यातला हवा, हा क्वालिटीचा मूळ नियम आहे, आणि सबनीसांनी तो कुणासाठी मोडला नव्हता. आली अंगावर, घेतली शिंगावर. ते म्हणाले, "ठीक आहे. फुली माझ्यावर मारा."

कॅन्टीनच्या भिंतीपुढे फोटो काढायचं ठरलं. एचआरमधली मंजुषा मोबाईल धरून उभी राहिली. अपमान करून घ्यायला रोहिदास होता आणि तो कामात फार रंगला. नंबर एक म्हणजे तोंड फिरवणं, ते सहज जमलं. नंबर दोन म्हणजे नाकावरून खाली बघणं. सबनीसांनी नाक वर केलं की ते शिंक यायला आल्यासारखे दिसत. मंजुषा म्हणाली, "सर, जरा तुच्छता आणा ना." तुच्छता काही केल्या येईना.

"सायेब," रोहिदासनं सुचवलं, "रिजेक्ट माल घिऊन सप्लायर येतोय नव्हं? त्याच्याकडं बघता तसं बघा."

सबनीसांची डावी भुवई आपोआप वर गेली. मंजुषानं फोटो टिपला. "एक नंबर!" ती म्हणाली, आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, "दोन नंबर." फोटो इतका अस्सल आला होता की सबनीसांना मनातून जरा लागलंच.

नंबर तीन म्हणजे चुटकी वाजवून बोलावणं. नंबर चार म्हणजे मोबाईलमधून डोकं न काढता उत्तर देणं. नंबर पाच म्हणजे समोरच्याला उभं ठेवून आपण बसणं. नंबर सहा म्हणजे अंगावरून चालत जाणं. त्यासाठी रोहिदास खुशीनं पुठ्ठ्यावर आडवा झाला. सबनीसांनी बूट काढले, पाय उचलला, आणि तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर अजिंक्य धावत आला.

"सर, थांबा! वर्क अ‍ॅट हाईट आहे हे. परमिट कुठंय?"

"अरे, हाईट कसली? रोहिदास आहे तो."

"जमिनीवरून दोन्ही पाय सुटणार ना? मग परमिट, हेल्मेट, पट्टा. आणि खाली कुणी असता कामा नये."

"खाली मीच हाय की," रोहिदास पडल्या पडल्या म्हणाला.

परमिटवर 'कामाचं स्वरूप' असा रकाना होता. त्यात काय लिहावं यावर अजिंक्यनं बराच वेळ विचार केला, वरिष्ठांना फोन लावला आणि शेवटी काम नामंजूर केलं. नंबर सहाच्या जागी नुसते बूट छापायचं ठरलं.

राहिला नंबर सात. 'टेकन फॉर ग्रांटेड', म्हणजे गृहीत धरणं. सबनीसांनी एका बाजूनं उभं राहून पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. मंजुषानं चार फोटो काढले, चारांतही दोन माणसं बसची वाट बघतायत असं वाटत होतं.

"ह्याचा फोटू न्हाई निघायचा," रोहिदास म्हणाला. "ह्यात कोन काय करतंच न्हाई."

सात नंबरची चौकट रिकामी ठेवायचं ठरलं.

फळा छापायला भोसरीच्या एका फ्लेक्सवाल्याकडे दिला. तो फक्त वाढदिवसांचे फ्लेक्स करायचा, त्यामुळे हाताला सवय तीच. 'अनादर टाळा' हे शीर्षक त्यानं सोनेरी अक्षरांत टाकलं, सबनीसांभोवती किरणं सोडली आणि खाली 'शुभेच्छुक: समस्त एचआर विभाग' असं लिहिलं. रिकाम्या चौकटीत एखाद्या दादांचा फोटो टाकू का, जागा मोकळी बरी दिसत नाही, असंही त्यानं फोनवर विचारलं. किरणं आणि शुभेच्छुक काढायला वेळ नव्हता. बाकीचे फोटो लहान आणि दोन नंबरचा, अस्सल आला म्हणून, मध्यभागी पुरुषभर उंचीचा. आतल्या भिंतीवर तो मावेना. मिहिर म्हणाला, "गेटवर लावा. ऑडिटर गाडीतून उतरताक्षणी दिसला पाहिजे."

आणि पोहे खाऊन सबनीस कंपनीत पोहोचले, तर नव्या सिक्युरिटी गार्डनं त्यांना गेटवर अडवलं.

"आत सोडता येणार नाही, साहेब."

"का रे बाबा?"

गार्डनं फ्लेक्सकडे बोट दाखवलं. "फोटो लावलाय तुमचा. फुली मारलीय."

त्याचं म्हणणं रीतसर होतं. आमच्या पट्ट्यात काढून टाकलेल्या माणसांचेही फोटो, पण छोटे आणि काळेपांढरे, गार्डच्या माहितीसाठी गेटवर लावायची पद्धत आहे. सबनीसांनी ओळखपत्र दाखवलं. गार्ड म्हणाला, तेच तर, फोटो जुळतोय. फर्स्ट शिफ्टची माणसं नमस्कार करत आत जात होती आणि सबनीस डबा घेऊन टेम्पोंच्या रांगेत उभे होते. शेवटी मंजुषा येऊन त्यांना घेऊन गेली. पण गार्डाला लेखी काही मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अडवायला मोकळा राहिला, आणि त्यानं अडवलं.

एवढ्यावर भागलं नाही. वरच्या मजल्यावरच्या विमलबाईंचा जावई चाकणहून जाताना फोटो काढून गेला. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्या सबनीसांना काय झालं?' असा प्रश्न आला, त्याखाली हात जोडल्याची रांग लागली, आणि एका सभासदानं 'भावपूर्ण' इतकंच लिहून पुढचं पुसून टाकलं. विमलबाई स्वतः शिऱ्याची वाटी घेऊन आल्या.

"होतं असं कधी कधी," त्या पद्माताईंना म्हणाल्या. "पण कंपनीनं फुली मारायला नको होती. काय खाल्लं त्यांनी?"

"पोहे," पद्माताई म्हणाल्या.

"पैसे नाही ना खाल्ले?" विमलबाईंनी सुटकेचा श्वास टाकला.

लिफ्ट कमिटीतून तब्येतीच्या कारणानं मोकळं व्हा, असा निरोपही आला. सबनीसांची तब्येत उत्तम होती. ते मानी होते, रागावले आणि त्यांनी राजीनामाच देऊन टाकला. एक्स्टेन्शन मिळालं की सगळ्यांची तोंडं बंद होतील, असं त्यांनी पद्माताईंना आणि मुख्यतः स्वतःला सांगितलं.

पण कंपनीत मात्र त्या फ्लेक्सनं कमाल केली. तक्त्यातल्या इंग्रजी शब्दांपैकी एकही कुणाच्या लक्षात राहिला नाही, नंबर मात्र सगळ्यांना पाठ झाले. "भावा, माझ्याशी चार नंबर नको करू, हिकडं बघून बोल." "सुपरवायझरनं तीन नंबर केला, आता शिफ्ट इन्चार्जला सांगतो." एकदा चहावाल्यानं खुद्द परचेस मॅनेजरला 'साहेब, पाच नंबर' असं म्हणून सुनावलं, आणि मॅनेजरनं गडबडीनं उठून त्याला खुर्ची दिली. चहावाल्याला बसायला वेळ नव्हता, पण तो बसला. सबनीस हे दुरून पाहत आणि त्यांचा ऊर भरून येई. इतकी सरळ लाईन त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती.

ऑडिटच्या आदल्या दिवशी ते मिहिरकडे गेले. केबिनबाहेर बसवून ठेवलं होतं, तिथे ते बसले. आत गेल्यावर बॅग आणि जाकीट आपापल्या खुर्च्यांवर होती. मिहिर फोनवर बोलत होता. त्यानं सबनीसांकडे न बघता बोटानं 'थांबा' अशी खूण केली. सबनीस थांबले.

"हां, मिस्टर सबनीस," फोन ठेवून मिहिर दुसरा मोबाईल बघू लागला. "एक्स्टेन्शन ना? वरून नाही आलं. मॅनेजमेंटला आता यंग टीम हवीय."

"पण आपलं बोलणं झालं होतं... तो फळा—"

"फळा मस्त झाला. मी प्रेझेंटेशनमध्ये टाकलाय. 'एचआर इनिशिएटिव्ह, सपोर्टेड बाय क्वालिटी.' आता इमोशनल नका होऊ, काका. आराम करा." पुन्हा फोन वाजला. मिहिरनं चुटकी वाजवून दार लावून घ्यायची खूण केली आणि खुर्चीतून उठून तो खिडकीकडे तोंड करून बोलू लागला.

सबनीसांना फार वाईट वाटलं. इतकं, की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. पण सवय कुठे जाते? डोळ्यांत पाणी असतानाही त्यांचं डोकं तपासणी करतच होतं. चार. पाच. तीन. आता एक. समोर ढळढळीत सदोष माल होता आणि क्वालिटीचा माणूस त्याच्यापुढे उभा होता. त्यांनी खिशातून लाल टॅग काढला. 'दोष: १, ३, ४, ५, ७. ठिकाण: एचआर केबिन.' सही केली, काळ्या लेदरच्या खुर्चीच्या पाठीला दोऱ्यानं टॅग बांधला, आणि बाहेर येऊन दार हलकेच लावून घेतलं. मिहिर अजून खिडकीशीच होता. पुढे तो खिडकीपासूनच परस्पर घरी गेला असावा, कारण टॅग त्याला दिसला नाही.

मटेरियलच्या माणसांना मात्र दिसला. संध्याकाळच्या फेरीत त्यांनी टॅग पाहिला, खुर्ची उचलली, कोठडीत टाकली आणि कुलूप लावलं. एचआरची आहे की डिस्पॅचची, हे बघायचं काम त्यांचं नव्हतं.

सकाळी परदेशी ग्राहकाच्या ऑडिटर बाई, निवेदिता मॅडम, मिहिरबरोबर केबिनमध्ये आल्या. मिहिर 'प्लीज, सीट' म्हणाला आणि स्वतः बसायला गेला तर खाली काहीच नव्हतं. टेबलाला धरल्यामुळे वाचला. खुर्चीची शोधाशोध झाली आणि शेवटी ती कोठडीत, वाकड्या बिजागऱ्यांच्या ढिगात, ऐटीत बसलेली सापडली. मॅडमनी जाळीतून टॅग वाचला. येताना गेटवरचा फ्लेक्स त्यांनी नीट पाहिलेला होता.

"आत्ताच्या आत्ता काढा ती," मिहिर ओरडला.

रोहिदास पुढे आला. "न्हाई निघायची, सायेब. टॅग सबनीस सायबांचा हाय. त्यांची सही लागंल."

मॅडमनी सबनीसांकडे पाहिलं. सबनीस म्हणाले, "कारणमीमांसा झाल्याशिवाय मी सही करत नाही. नियम आहे." कारणमीमांसा म्हणजे ज्याच्या हातून दोष घडला त्याला पाच वेळा 'का' विचारायचं आणि मुळाशी जायचं. बिजागरीला तेच करतात.

मॅडमनी अहवालात लिहिलं की या कारखान्यातला नियम हुद्दा बघत नाही. फ्लेक्सलाही शाबासकी दिली. आणि पुढच्या भेटीत ही खुर्ची रीतसर सोडलेली दिसली पाहिजे, अशी एक ओळ खाली घातली. मिहिरनं ऑडिट पास झाल्याचा केक कापला. कारणमीमांसा करायला तो काही आला नाही. मार्च संपेपर्यंत ढकलू, मग म्हाताराच नसेल, असा त्याचा हिशेब होता. निरोप समारंभात त्यानं शाल घातली, नारळ दिला आणि 'सबनीस काका आम्हाला वडिलांसारखे' असं भाषण केलं.

एप्रिलमध्ये सबनीसांनी माळा आवरला. मे महिन्यात पुन्हा आवरला. बाकावरच्या मंडळींनी सरकून जागा दिली, पण बसल्या बसल्या सबनीसांचं लक्ष बागेच्या फाटकाकडेच. ते कुरकुरत होतं. शेवटी त्यांनी घरून तेल आणून घातलं.

जूनमध्ये मंजुषाचा फोन आला. पुढचं ऑडिट तोंडावर आलं होतं. खुर्ची कोठडीत होती आणि टॅगवर ज्यांची सही, ते पिंपळे गुरवला. दुसऱ्या कुणाची सही चालत नव्हती, कारण तो नियम सबनीसांनीच लिहून पास करून घेतला होता.

ते गेले. गेटवर गार्डनं अडवलं. फ्लेक्स तसाच होता, उन्हानं फक्त किरणं विटली होती. सबनीस म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी इथेच थांबतो. एचआर हेडना कळव." मिहिर त्या उन्हात टाय सावरत गेटपर्यंत आला आणि त्यांना आत घेऊन गेला. केबिनमध्ये बॅग जमिनीवर होती. दोन्ही खुर्च्या मोकळ्या होत्या. मिहिर स्वतः कॅन्टीनच्या लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. तीन महिने तो त्यावरच बसत होता. दुसरी खुर्ची मागवायची तर आधीची कुठे गेली ते लिहावं लागलं असतं.

"बसा ना, साहेब," मिहिर म्हणाला. 'साहेब' तो पहिल्यांदाच म्हणत होता.

सबनीस बसले. कागद पुढे घेतला. "मला उभं का ठेवलंत?"

"फोन चालू होता."

"आधी फोन का?"

"तो... महत्त्वाचा वाटला."

"माझ्यापेक्षा का?"

मिहिरनं स्टूल सरकवलं. "तुमचं काम नंतर केलं तरी चालेल असं वाटलं."

"का?"

"तुम्ही थांबाल हे माहीत होतं."

"का?"

मिहिरनं टायची गाठ सैल केली. मग खाली बघत म्हणाला, "तुम्ही नेहमीच थांबलात, साहेब. कधी काही बोलला नाहीत."

सबनीसांचं पेन थबकलं. रिकाम्या चौकटीत काय छापायचं होतं ते आत्ता समोर आलं, आणि त्याचा फोटो खरोखरच निघाला नसता. त्यांना रागही आला आणि थोडं हसूही. दोष लाईनवर तयार होतो, पण पुढे जातो तो तपासणीला बसलेला माणूस अडवत नाही म्हणून, हे त्यांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं. त्यांनी पाचव्या रकान्यात मिहिरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग खाली सही केली. कोठडीपाशी जाऊन स्वतःच्या हातानं टॅग सोडला आणि खिशात टाकला. रोहिदासनं खुर्चीवरची धूळ रुमालानं झटकली.

जाताना मिहिर त्यांना सोडायला आला आणि अडखळत म्हणाला की, आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून याल का, वरती तो खरंच बोललाय.

"घरी विचारून सांगतो," सबनीस म्हणाले. घरी विचारायचं काही नव्हतं. पद्माताईंनी तिसऱ्यांदा माळा आवरायला मनाई केली होती.

आता ते मंगळवारी आणि शुक्रवारी जातात. गार्ड दर वेळी फ्लेक्सकडे बोट दाखवून त्यांना अडवतो आणि मिहिर दर वेळी गेटपर्यंत येऊन त्यांना आत नेतो. फ्लेक्स उतरवून टाका असं मिहिर रडकुंडीला येऊन सांगतो, पण ऑडिटमध्ये पास झालेली वस्तू क्वालिटीच्या मंजुरीशिवाय हलवता येत नाही. तो अर्ज सल्लागारांकडे सहीसाठी आलेला आहे. सबनीसांनी तो वाचायला घेतला आहे.